बेडकांवर काम करून एच-इंडेक्स वाढतो का? शिरपूरच्या एका मुलाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात परत सांगते म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. शिरपूरकडचा एक मुलगा आहे, एमएस्सी झूऑलॉजी झालंय, त्याला अनेर धरणाच्या आणि सातपुड्याच्या बाजूच्या बेडकांवर पीएचडी करायचीय. त्याने गूगल स्कॉलरवर (गूगलची शोधनिबंध शोधायची साइट) एका परदेशी उभयचर तज्ज्ञाचं प्रोफाइल उघडून पाहिलं, तिथे हजारोंनी सायटेशन्स (म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरमध्ये त्याच्या पेपरचे दिलेले संदर्भ), मग आपल्याकडच्या दोन-तीन लोकांची प्रोफाइल पाहिली तर आकडे एकदम खाली, आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की बेडकांत काही ठेवलं नाही, नॅनोपार्टिकल्स (अतिसूक्ष्म कण) नाहीतर मॉलिक्युलर काहीतरी घे, तिथे पेपर पटापट निघतात आणि सायटेशन्सही येतात. तर त्याचं विचारणं असं की बेडकांच्या इकॉलॉजीत राहून एच-इंडेक्स, म्हणजे पेपर किती आणि ते किती सायट झाले यावरून काढतात तो आकडा, वाढतो का, का आत्ताच विषय बदलून घेऊ.

भाऊ, वयाने लहान आहेस म्हणून तू म्हणते. तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक म्हणजे या कामावर पोट भरेल का, आणि दुसरा म्हणजे मी केलेलं काम पुढे कुणाच्या उपयोगी पडेल का. सायटेशनचा आकडा दोन्हींचं उत्तर देईल असं तुला वाटतंय, आणि तो दोन्हींचं अर्धवटच देतो. मी आपल्याच भागात तापीच्या दोन्ही बाजूंना बेडकांवर काम करत आलेय, विद्यार्थ्यांना गाईड केलंय, जर्नल्ससाठी दुसऱ्यांचे पेपर तपासते, निवड समित्यांमध्येही बसलेय, त्यावरून सांगते. बऱ्याच गोष्टी तुझ्या परिस्थितीवर आहेत, घरचे किती वर्षं थांबायला तयार आहेत, नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) निघतेय का, गाईड कोण मिळतो, पुढे सिनिअर कॉलेजात शिकवायचंय का एखाद्या संशोधन संस्थेत जायचंय, हे मला इथून माहीत नाही, त्यामुळे तेवढा भाग तू तुझ्या हिशोबाने वाच.

आधी आकड्याचं बघू. एच-इंडेक्सची कल्पना २००५ मध्ये जॉर्ज हिर्श नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने मांडली. समजा तुझे पाच पेपर आहेत आणि त्यांना ६०, १२, ७, ५ आणि ३ अशी सायटेशन्स आहेत. प्रत्येकी किमान चार सायटेशन्स असलेले चार पेपर आहेत, पण प्रत्येकी पाच असलेले पाच पेपर नाहीत, म्हणून एच-इंडेक्स ४. आता त्या ६० च्या जागी ६०० असते तरी तो ४ च राहतो. म्हणजे ज्याने आयुष्यात एकच फार मोठं काम केलं त्याला हा आकडा ओळखत नाही, आणि जो नेमाने मध्यम पेपर काढत राहतो त्याला चढवत नेतो. शिवाय तो वयाबरोबर वाढतोच, कमी कधी होत नाही, त्यामुळे पंचवीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या प्रोफाइलशेजारी आत्ता एमएस्सी झालेल्या पोराने स्वतःला उभं करणं यात काही अर्थ नाही. आणि गूगल स्कॉलर थीसिस, रिपोर्ट, सगळंच मोजतं, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे डेटाबेस निवडक जर्नल्स मोजतात, म्हणून एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात. तुलना करायचीच असेल तर एकाच ठिकाणचे, एकाच विषयातले आणि साधारण एकाच वयाच्या लोकांचे आकडे घे.

विषय एकच का हवा ते सांगते. नॅनोपार्टिकल्सवर जगभर खूप लोक लिहितात, प्रत्येक पेपरच्या शेवटी पन्नास-साठ संदर्भ असतात, म्हणजे वाटायला सायटेशन्स भरपूर. बेडकांच्या इकॉलॉजीत लिहिणारेच थोडे, त्यामुळे वाटायलाच कमी. शिवाय आपल्या कामाला पावसाळा लागतो. समजा तुझा पेपर जानेवारी २०२६ मध्ये आला आणि ओडिशातल्या एखाद्या मुलीने तो मार्चमध्ये वाचून त्यावरून आपलं काम आखलं. जून उजाडेपर्यंत तिला थांबावंच लागणार. एक पावसाळा २०२६ चा, मग तपासणारे म्हणणार की एका वर्षावरून काही सांगता येत नाही, म्हणून दुसरा २०२७ चा, मग डेटा बसवायचा, लिहायचं, पाठवायचं, दुरुस्त्या करायच्या, छापून यायला आरामात २०२९ होतं. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी किती सायटेशन्स आली तेच मोजतो, म्हणजे तिने तुला दिलेलं ते प्रामाणिक सायटेशन तुझ्या जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये कधीच येणार नाही. तुला मात्र ते मिळतं, आणि पुढची वीस वर्षं मिळत राहू शकतं. आपल्या विषयात सायटेशन उशिरा येतं आणि बराच काळ टिकतं.

मग टिकतं कशाला, हे मला तुला नीट सांगायचंय. तू प्रोफाइलवरचा एकूण आकडा पाहिलास, त्याखालची पेपरांची यादी पाहायला हवी होतीस. १९६० मध्ये केनेथ गॉसनर यांनी हर्पेटोलॉजिका या जर्नलमध्ये एक छोटा लेख छापला, बेडकाच्या अंड्यापासून पूर्ण बेडूक होईपर्यंतच्या वाढीच्या ४६ पायऱ्या, चित्रं आणि एक सोपा तक्ता. बस, एवढंच. आज जगात कुठेही कुणी टॅडपोलवर (बेडकाच्या पाण्यातल्या पिल्लांवर) काम केलं तर गॉसनर स्टेज अमुक असं लिहावंच लागतं, आणि त्या लेखाची सायटेशन्स हजारांत आहेत. तुझ्या विद्यापीठातल्या टॅडपोलवरच्या थीसिसमध्येही तो सापडेल. दुसरं उदाहरण, १९७५ मध्ये बर्टन आणि लाइकन्स यांनी अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूक जंगलात सॅलॅमँडर (शेपटीवाले उभयचर) मोजून त्यांचं एकूण वजन काढलं, ते तिथल्या पक्ष्यांच्या विणीच्या काळातल्या एकूण वजनाच्या दुप्पट भरलं. पालापाचोळ्याखालचे हे प्राणी तोपर्यंत कुणी हिशोबातच धरत नव्हतं. हा लेख कोपिया नावाच्या जर्नलमध्ये आला, ते काही नेचर-सायन्ससारखं गाजणारं जर्नल नव्हतं, आणि तरी आज पन्नास वर्षांनंतरही उभयचर जंगलात काय काम करतात असं वाक्य लिहिताना लोक तिथेच बोट ठेवतात.

तिसरं उदाहरण माझ्या सगळ्यात आवडीचं आहे. आपण रात्री डबक्यावर गेलो आणि बेडूक दिसला नाही, तर तो तिथे नाहीच का असूनही दिसला नाही? फील्डवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न छळतो. २००२ मध्ये मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी त्याच जागेवर परत परत जाऊन मिळालेल्या हो-नाही नोंदींवरून ही शक्यता कशी काढायची त्याचं गणित मांडलं, आणि उदाहरणाला घेतली मेरीलँडमधल्या ३२ पाणथळ जागांवरची टोड (खरखरीत कातडीचा बेडूक) आणि एका छोट्या बेडकाची आवाजाची नोंद. त्या पद्धतीला ऑक्युपन्सी मॉडेलिंग म्हणतात, आज वाघ, पक्षी, खवल्या मांजर, सगळ्यांसाठी लोक ती वापरतात आणि प्रत्येक वेळी तो लेख सायट होतो. डेटा बेडकांचा होता, अडचण मात्र सगळ्यांची होती.

आता अख्ख्या करिअरचं एक उदाहरण घे, कारण तू प्रोफाइलचा आकडा पाहिलास आणि त्यामागची वर्षं तुला दिसली नाहीत. कॅरन लिप्स या अमेरिकन शास्त्रज्ञ. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पीएचडीसाठी कोस्टारिकातल्या डोंगरात झाडावरच्या एका बेडकाचा अभ्यास करत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तिथले बेडूक कमी होत गेले. का, ते तेव्हा कळेना. मग १९९६-९७ मध्ये पनामातल्या फोर्तुना इथे त्यांना मेलेले आणि मरायला टेकलेले बेडूक सापडले. १९९८ मध्ये बर्जर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतल्या मेलेल्या बेडकांच्या कातडीत एक बुरशी दाखवली, १९९९ मध्ये त्या बुरशीला बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस हे नाव मिळालं. लिप्स यांनी नकाशावर पाहिलं तर ही साथ पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत होती. म्हणून त्यांनी तिच्या वाटेवरचं पनामातलंच एल कोपे हे ठिकाण धरलं आणि रोग यायच्या आधीच तिथे बेडूक मोजायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं निरोगी बेडूक मोजत राहिल्या, काहीही घडत नसताना. २००४ च्या सप्टेंबरात बुरशी पोचली, काही महिन्यांत बेडकांचा खच पडला, आणि २००६ मध्ये आलेला त्यांचा पेपर साऱ्या जगाने उचलला.

खरी गंमत पुढे आहे. २०२० मध्ये सायन्समध्ये एलिस झिपकिन आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला, त्यात लिप्सही आहेत, की बेडूक गेल्यावर एल कोपेचे सापही कमी झाले आणि सापांच्या जातींची विविधता घसरली. हे कशावरून कळलं? त्याच जुन्या फेऱ्यांमध्ये बेडकांबरोबर दिसलेले सापही लिहून ठेवले होते, बुरशीच्या आधीची सात वर्षं आणि नंतरची सहा. ज्या दिवशी ते लिहिलं त्या दिवशी कुणालाही त्याची गरज नव्हती. तू पाहिलेला हजारोंचा आकडा अशा रात्रींवर उभा असतो. मला तुला हीच गोष्ट सांगायची आहे की आपल्या विषयात ज्याच्याकडे आधीची मोजणी आहे त्याच्या दारात पुढे सगळ्यांना यावं लागतं.

आकड्यांचा अजून एक भाग आहे, तो पण समजून घे. काही मोठे पेपर अनेक लेखकांचे असतात, कधी शंभरावर. २००४ मध्ये स्टुअर्ट आणि इतरांनी जगातल्या ५,७४३ उभयचर जातींचा आढावा घेतला आणि सुमारे एक तृतीयांश धोक्यात असल्याचं सांगितलं, २०२३ मध्ये नेचरमध्ये त्याचाच दुसरा मोठा आढावा आला, ८,०११ जाती आणि ४०.७ टक्के धोक्यात. २०१९ च्या सायन्समधल्या एका पेपरने हिशोब मांडला की त्या बुरशीमुळे निदान ५०१ जाती घटल्या आणि त्यातल्या ९० बहुधा संपल्या. असल्या पेपरांना सायटेशन्स भरभरून येतात आणि लेखकांच्या यादीत असलेल्या सगळ्यांच्या प्रोफाइलवर ती चढतात. यात गैर काही नाही, त्यांनी कष्ट केलेत. पण कुणाचं प्रोफाइल वाचताना हा माणूस पहिला लेखक कुठे आहे, शेवटचा कुठे आहे, आणि मधल्या रांगेत कुठे आहे एवढं पाहा (पहिला बहुधा ज्याने काम केलं तो, शेवटचा बहुधा गटाचा प्रमुख), चित्र लगेच स्पष्ट होतं.

आता आपल्याकडचं. खान्देशात आधीची मोजणी म्हणावी अशी फारच थोडी आहे. पश्चिम घाटावर लोक कित्येक वर्षं राबलेत, २००३ मध्ये नेचरमध्ये आलेला बिजू आणि बोसुईट यांचा तो जांभळा बेडूक तुला माहीत असेल, आंबोलीचा टोड २००९ चा, पुण्याच्या लोकांनी उत्तर पश्चिम घाटात बुरशीही तपासली, २०१३ मध्ये त्याचा पेपर आला. सातपुड्याकडे मात्र बेडकांसाठी येणारे कमी, कारण इथे रोज नवी जात सापडत नाही. याच सातपुड्यात शहाद्याजवळ १९९७ च्या नोव्हेंबरात वनपिंगळा परत सापडला, १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती, लोकांनी तो संपला असं धरलं होतं. तो ११३ वर्षं आपल्या शिवाराशेजारीच होता, नीट बघायला कुणी आलं नव्हतं. घुबडाच्या जातीच्या पक्ष्याचं हे झालं तर मातीखाली आठ-नऊ महिने दडून बसणाऱ्या बेडकांचं काय सांगावं.

आणि प्रश्न तर इथे पडलेत, कोकणातल्या माणसाला विचारता येणार नाहीत असे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि मृगाचा पहिला दणका बसला की एका रात्रीत सगळे बाहेर. तो मोठा इंडियन बुलफ्रॉग, नर हळद लावल्यासारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या पिशव्या निळ्या, दोन-तीन रात्रींत अंडी घालून मोकळा. पाऊस पंधरा दिवस लांबला किंवा पहिल्या पावसानंतर उघडीप पडली तर त्या अंड्यांचं काय होतं? आपल्याकडे उघडीप दरसाल पडते, त्यामुळे हे इथेच मोजता येतं. दुसरं, शेततळी. २०१६ पासून मागेल त्याला शेततळे योजनेत गावोगाव शेततळी झाली, बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचं अस्तर, काठ उभे आणि गुळगुळीत. बेडूक त्यात अंडी घालतात का, घातली तर पिल्लं बाहेर चढू शकतात का, का ते तळं त्यांच्यासाठी सापळा होतं? अस्तराचं एक, बिनअस्तराचं एक आणि एक जुनं डबकं अशी तुलना तुझ्या घरापासून मोटरसायकलच्या अंतरावर होईल, आणि ज्या ज्या कोरडवाहू भागात शेततळी आहेत तिथल्या लोकांना तिचा उपयोग होईल. तिसरं, कपाशीवरच्या फवारण्या जुलै-ऑगस्टात, नेमकं टॅडपोल डबक्यात असताना. चौथं, बेडूक मारणारी ती बुरशी साधारण १७ ते २५ अंश तापमानात जोमाने वाढते आणि तिशीच्या आसपास तिची वाढ थांबते, म्हणून हजार मीटरच्या वरच्या तोरणमाळला आणि खाली शिरपूरच्या शिवारात उत्तर वेगळं येऊ शकतं. यातला कुठलाही एक प्रश्न पीएचडीला पुरे आहे. चारही घेऊ नकोस.

काम आखताना एक पेपर डोळ्यासमोर ठेव. १९९१ मध्ये पेचमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रेनबो बे नावाच्या एकाच तळ्यावरची १२ वर्षांची मोजणी मांडली आणि दाखवलं की उभयचरांची संख्या नैसर्गिकपणेच एवढी वरखाली होते की दोन-तीन वर्षांवरून घट झाली असं म्हणता येत नाही. तेव्हा जगभर बेडूक संपत चालले म्हणून ओरड होती आणि ही बारा वर्षांची वही कामाला आली. तुझ्याकडे पीएचडीत तीन, फार तर चार पावसाळे असतील. तेवढ्यात घट-वाढ सांगायच्या फंदात पडू नको, तुलना सांग, आणि त्याबरोबर दोन-तीन डबकी अशी धर की जी तू पीएचडीनंतरही सोडणार नाहीस. दरवर्षी तीच जागा, तीच पद्धत, तेवढाच वेळ, तेवढेच लोक. त्या दिवशीचा पाऊस, हवेचं आणि पाण्याचं तापमान, किती वाजता सुरू केलं, किती वाजता थांबलं. एकही बेडूक दिसला नाही ती रात्रसुद्धा शून्य म्हणून लिहायची, मुलं नेमकी हीच नोंद गाळतात आणि ऑक्युपन्सीच्या गणिताला सगळ्यात जास्त तीच लागते. आवाज रेकॉर्ड करून ठेव, आज ओळखता आला नाही तरी. जमलं तर दिसलेले साप, खेकडे, मासेही लिही. आणि पेपर छापताना मूळ डेटा सोबत खुला ठेव, कारण दुसऱ्याला वापरता आला नाही तर तो तुला सायट तरी कशाला करेल.

जातींच्या याद्यांबद्दल तू विचारलंयस की अमुक तालुक्यातले बेडूक असा पेपर करू का. कर, पण थीसिसचा पहिला भाग म्हणून, त्यावर थांबू नको. यादीला सायटेशन कमी मिळतं, नव्या जातीच्या वर्णनालासुद्धा कमी मिळतं, कारण लोक जातीचं नाव हजार वेळा लिहितात आणि ज्या पेपरमध्ये ती जात मांडली तो संदर्भात देत नाहीत. म्हणून ते काम बिनमहत्त्वाचं असं अजिबात नाही, वनविभाग आपली कामं आखताना अशा याद्याच चाळतो आणि तिथे सायटेशन नावाचा प्रकारच नसतो. फक्त यादी पुराव्यासकट हवी, फोटो, आवाज, जागेचे अक्षांश-रेखांश. पश्चिम भारतातल्या मातीत घुसणाऱ्या ज्या बेडकाला सगळे स्फेरोथेका ब्रेव्हिसेप्स म्हणायचे, त्यातून २०१७ मध्ये आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी स्फेरोथेका पश्चिमा ही वेगळी जात काढली. आता जुन्या याद्यांमध्ये नुसतं ब्रेव्हिसेप्स लिहिलेलं असेल आणि फोटो नसेल तर ते नेमकं कोण होतं हे सांगायचा मार्गच उरत नाही.

पोटापाण्याचं. इथे मी गोड बोलणार नाही. आधी सीएसआयआर-नेट लाइफ सायन्सेस मन लावून दे, जेआरएफ निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००, वर घरभाडं, आणि मग विषय निवडायला तू मोकळा राहतोस. जेआरएफ नसेल तर तू ज्या गटात बसत असशील त्याप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची नॅशनल फेलोशिप, यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. यातलं काहीच हातात नसताना केवळ आवड म्हणून पूर्णवेळ उतरू नको, घरच्यांच्या जिवावर चार पावसाळे काढणं सगळ्यांनाच जड जातं, मी चांगली चांगली मुलं यात अर्ध्यावर सुटलेली पाहिलीयेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. कॉलेजातल्या नोकरीचं म्हणशील तर जागा कमी निघतात आणि बरेच जण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवत राहतात, हे तुझ्या आजूबाजूला दिसतच असेल. पण तिथल्या निवडीत सायटेशनला जागाच नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत विद्यापीठातल्या असिस्टंट प्रोफेसर पदासाठी मुलाखतीला बोलवायचे उमेदवार निवडताना प्रत्येक शोधनिबंधाला २ गुण, जास्तीत जास्त १०, बाकी पदवी, नेट, पीएचडी, अनुभव. एच-इंडेक्सचा रकाना त्यात नव्हता. नियम बदलत राहतात, अर्ज करशील तेव्हाचे बघ. संशोधन संस्था किंवा परदेशातला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) असेल तर तिथे लोक प्रोफाइल बघतात, पण त्या वयाच्या माणसाचा आकडा लहानच असतो हे त्यांनाही माहीत असतं, ते तुझे दोन सगळ्यात चांगले पेपर उघडून वाचतात. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डोरा म्हणून एक जाहीरनामा तयार झाला, त्यात हेच म्हटलंय की माणसाची पारख जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नका, आणि बऱ्याच संस्थांनी त्यावर सह्या केल्यात. याशिवाय संवर्धनाच्या स्वयंसेवी संस्था आहेत, पर्यावरण आघात अहवालांची कामं आहेत, तिथे बेडूक आवाजावरून ओळखणारा माणूस लवकर मिळत नाही.

पटापट पेपरचं जे तुला सांगितलं गेलं त्याबद्दल एकच. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या असले मेल तुला येतील, त्यांच्या नादी लागू नको. यूजीसीने २०२२ च्या नियमात थीसिस देण्याआधी पेपर छापण्याची सक्ती काढलीय, तुझ्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम तेवढा विचारून घे. आणि २०२५ मध्ये केअर यादीही (यूजीसीची मान्य जर्नल्सची यादी) बंद केली, म्हणजे जर्नल चांगलं का वाईट ते आता तुलाच बघावं लागणार. मी मुलांना सांगते की तुमच्या विषयातले ज्यांचे पेपर तुम्ही खरोखर वाचता ते कुठे छापतात ते पाहा. जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा हे कोइमतूरहून निघणारं खुलं जर्नल आपल्या लोकांसाठी चांगली सुरुवात आहे, स्फेरोथेका पश्चिमाचं वर्णन तिथेच आलंय.

फील्डचं पटकन सांगते कारण कुणी लिहीत नाही. अनेर डॅम अभयारण्यात पाय ठेवायच्या आधी वनविभागाची लेखी परवानगी, आणि बेडूक हातात धरणार, खुणा करणार, नमुने घेणार असशील तर ते परवानगीत स्पष्ट लिहिलेलं हवं. रात्री एकट्याने जायचं नाही. गमबूट, दोन टॉर्च, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे का ते दिवसा जाऊन विचारून ठेवायचं, कारण जिथे बेडूक तिथे घोणस आणि नाग येणारच. गावात पोलीस पाटलांना आणि शेतमालकाला आधी सांगायचं. ताई, रातले आठे काय करी ऱ्हायनी (रात्री इथे काय करतेयस), असं मला बांधावरून कितीदा तरी विचारलं गेलंय, आणि नीट सांगितलं की लोक स्वतः येऊन दाखवतात की पलीकडच्या नाल्यात जास्त ओरडतात. त्या माणसांचं नाव पेपरच्या आभारात त्यांना विचारून लिही.

शेवटी तू विचारलंयस की गाईड निवडताना त्यांचा एच-इंडेक्स किती असावा. मी तो बघणार नाही. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना फोन कर आणि विचार, थीसिसला किती वर्षं लागली, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागलं, आणि पावसाळ्यात सर किंवा मॅडम एकदा तरी फील्डवर आल्या का. मग गाईडना मेल करताना एक पानच पाठव, कुठला प्रश्न, कुठली तीन डबकी, किती फेऱ्या, काय मोजणार. हे पान मार्चच्या आत तयार कर, म्हणजे परवानगीचा अर्ज वेळेत जाईल आणि पहिला पावसाळा वाया जाणार नाही. पान तयार झालं की इथेच टाक, मी वाचून कळवते.